एकटीचं बेणं

भाऊबीजेला दादा घरी असला की मी त्याच्याकडे जायचे, तशीच त्या वर्षीही निघाले. केजच्या एका खाजगी दवाखान्यात मी सिस्टर आहे. सकाळची पाळी उरकली, स्टँडसमोरच्या दुकानातून बालुशाही घेतली, वहिनीसाठी हिरवी साडी आधीच घेऊन ठेवली होती ती पिशवीत टाकली आणि युसूफ वडगावच्या जीपमध्ये बसले. मनात दुसरं काही नव्हतं. उलट दादा-वहिनी त्या वर्षी ऊसतोडीला गेले नाहीत, दिवाळीला घरी आहेत, याचाच आनंद होता.

दादाचं घर गावात नाही. फाट्यावर उतरून कालव्याच्या कडेनं बरंच चालावं लागतं. जमिनीचा लहानसा तुकडा, त्यात पत्र्याची खोली, पुढे ओसरी. धरणाला पाणी चांगलं होतं म्हणून त्यानं आदल्या वर्षीच्या आषाढात ऊस लावला होता. आता तो दोन माणसं उंच झाला होता. वाटेच्या दोन्ही अंगांनी भिंती उभ्या राहाव्यात तसा. वारा नव्हता, तरी आत पात्यावर पातं घासल्याचा आवाज चालू होता. रस आंबल्यासारखा एक गोडसर वास नाकाला लागत होता.

दुपारचं लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगते. पुढे ज्या एकीला मी विश्वासानं हे सांगितलं ती म्हणाली, अंधारात काहीतरी भास झाला असेल तुला. अंधार नव्हता हो.

घर जवळ आलं, तेव्हा डाव्या हाताला, उसात थोडी आत, मला वहिनी दिसली. सत्यशीलावहिनी. उभी होती. गाल भरलेले, केस दाट, रंग उजळलेला. लग्नात उभी होती तशीच. अंगाला कसलंसं जुनं पातळ गुंडाळलेलं.

"वहिनी, तिथं काय करताय?" मी हाक मारली.

ती हसली. "या ताई. व्हा म्होरं. म्या हितंच हाय." आणि तिनं डावा हात वर करून हलवला.

तब्येत सुधारली बाई एकदाची, असं म्हणत मी पुढे झाले. वाट वळली, घर आलं, आणि दाराच्या उंबऱ्यावर वहिनी बसली होती.

आधी मला ती ओळखूच आली नाही. हातापायांच्या काड्या झालेल्या. कातडी उसाच्या वाळल्या पाचटासारखी कोरडी, हात लावला तर कुरकुरेल अशी. डोक्यावरचे केस इतके विरळ की भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसत होती. तिला अजून तीस पुरी व्हायची होती. तिचा डावा हात मांडीवर उपडा पडला होता आणि त्याला करंगळी नव्हती.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. उसात जिनं मला हात हलवला होता, तिच्या डाव्या हाताला पाचही बोटं होती.

"वहिनी… आत्ता… उसात कोण होतं?"

तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. पण ते दुःखाचं नव्हतं. ती उंबऱ्याला धरून उठली, माझ्याजवळ आली.

"दिसली व्हय तुमाला? बोलली का?"

"बोलली…"

"काय म्हणली? सांगा की. माज्या माघारी कुणाशी बोललीच न्हाई ती अजून." लेकरानं पहिला शब्द उच्चारला की आई ज्या हौसेनं विचारते तशी ती विचारत होती. "कशी दिसती वो लांबून? म्या आता आरशात बगत न्हाई. तिलाच बगते."

मला ओसरीवर बसवून तिनं पाणी आणलं. तांब्या तिनं डाव्या हाताच्या चार बोटांत धरला होता. मी त्या हाताकडेच बघत राहिले.

त्या करंगळीचं तुम्हाला सांगायला हवं. उसाचं बी पेरत नाहीत. उभ्या उसाचे तुकडे करतात, त्याला बेणं म्हणतात. एकेका टिपऱ्याला, म्हणजे तुकड्याला, कोंब फुटायचा डोळा ठेवायचा, ते सरीत दाबायचं, पाणी द्यायचं. डोळा फुटतो आणि ज्या उसाचं बेणं होतं अगदी तोच ऊस पुन्हा उभा राहतो. आषाढातल्या त्या लावणीला वहिनी बांधावर बसून बेणं तोडत होती. कोयता सटकला. करंगळी मुळापासून तुटून टिपऱ्यांच्या ढिगात पडली. दादानं हाताला फडकं गुंडाळलं आणि तिला मोटारसायकलवर घालून माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, तुटलेलं बोट कुठाय? दादा तसाच माघारी पळाला. पण तोवर गड्यांनी ढीगच्या ढीग सऱ्यांत लावून टाकला होता. वरून पाणीही सोडलं होतं. दादानं चिखल उपसून पाहिला, बोट काही सापडलं नाही.

आणि त्याच्याही आधी तिची पिशवी गेली होती. गर्भपिशवी. ऊसतोडीवर असताना पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. तिकडच्या एका डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, टोळीच्या मुकादमानं गाडी करून दिली, आणि पदरी एकही लेकरू नसताना, चोविसाव्या वर्षी ती काढली. मी भेटायला गेले तेव्हा तिनं छताकडे बघत मला विचारलं होतं, "आता काय राहिलं वो ताई माज्यात?" मी तिची सलाईन सारखी करत राहिले होते.

इतक्यात दादा पाण्याची मोटार बंद करून आला. माझं तोंड बघताच काय ते समजला. आमच्या भागवतदादाला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. वहिनीनं पाट मांडला, मी त्याला ओवाळलं, तेव्हा त्याची मान सारखी उसाकडे वळत होती. वहिनी आत गेली तसा तो मला घरामागे घेऊन गेला.

"कावून आलीस योगे?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "न्हाई यायला पायजे होतं. आता बगितलंस ना?"

"दादा, कोण आहे ती?"

तो खाली बसला, मातीत बोटानं रेघा ओढत बोलायला लागला.

"औंदा श्रावणात पाचट काढाय गेलतो. उसाच्या दोन बेटांच्या मदी पांढरं काईतरी दिसलं. मला वाटलं आळंबी हाय. वाकून बगितलं तर… नखं व्हती. पाच नखं. त्याच्या खाली मनगाट. हात मातीतनं वर आलता, योगे, अन् माजी चाहूल लागली तशी बोटं मिटली त्यानं…"

"दादा…"

"म्या कुदळ आणाय पळालो. माघारी आलो तर ही तितं आडवी पडल्याली. म्हणली, आदी मला खांडा. तवापस्नं रोज घागरीनं पाणी घालती, दूध वतती. सोता खात न्हाई. महिन्यात तोंड आलं वर. नवरात्रात कमरंपातूर वर आली. बोलाय लागली. आमचं लगीन कसं झालं, वरातीत बैल कुटं आडला, समदं सांगती. म्या कुणाला सांगू? अन् सांगून काय म्हणू?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तिच्यात माजं काईच न्हाई बग. नाक न्हाई, कान न्हाई. समदी सत्यशीलाच हाय. मंग मी कोण लागतो तिचा?"

दहावीला आमच्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर हायड्रा काढला होता. त्याच्या अंगावर एक गाठ येते, गाठीला तोंड फुटतं, आणि ते पिल्लू सुटून वेगळं होतं. एकच जनक, नराची गरज नाही, पिल्लू हुबेहूब जनकासारखं. आम्ही पोरी तोंडाला ओढणी लावून हसलो होतो. तो फळा मला घरामागे उभ्या उभ्या दिसला.

पण मी सिस्टर आहे. मला तेव्हा दुसरंही कळत होतं. सरीत लावलेलं टिपरं कोंबाला जगवतं आणि आपण आतून कुजत जातं. कोंबानं मुळं धरली की टिपऱ्याचा नुसता भुसा राहतो. मी आत जाऊन वहिनीचं मनगट धरलं. नाडी लागता लागेना. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, कागदासारखी पांढरी. मी तिथल्या तिथे अँब्युलन्सला फोन लावला.

"कुटं न्यायचंय मला?" वहिनीनं विचारलं.

"दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. तुमच्यात रक्त राहिलं नाही वहिनी. मराल तुम्ही."

"मरू द्या."

"असं काय बोलता?"

ती भिंतीला टेकून बसली. आवाज अगदी हळू, पण एकेक शब्द स्वच्छ होता.

"ताई, पिशवी काढली तवा मला कुणी इचारलं न्हाई. डागदरनं यांना इचारलं, यांनी मुकादमाला. म्या टेबलावर पडल्याली. लेकरू न्हाई म्हणून बाया वटी भरायच्या वक्ताला मला मागं सारायच्या. हे जे झालं ते कुणाला इचारून न्हाई झालं. कुणाचं देणं न्हाई, कुणाचा वाटा न्हाई त्यात. माजं एकटीचं हाय." तिनं माझ्या गालाला हात लावला. "तुमी रडू नगा. म्या कुटं जाती? म्या तर हितंच हाय."

तेच शब्द. उसातून ऐकलेले.

दादा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असावं. तो वळला, पत्र्याला अडकवलेला कोयता काढला आणि काही न बोलता उसात शिरला. वहिनीनं एक हाक मारली, "आवं…" आणि उठायला गेली ती कोलमडली. मी तिला अंथरुणावर टेकवलं आणि दादाच्या मागे धावले.

उसात शिरलं की दोन पावलांत घर नाहीसं होतं. उन्हं कलली होती, तरी आत अजून उकडत होतं. पाती गालाला, हाताला चरचर कापत होती. पुढे दादाच्या पायांखाली पाचट मोडल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

एवढीशी मोकळी जागा होती. जमीन ओली, सारवल्यासारखी गुळगुळीत. मधोमध ती उभी होती. आता जवळून दिसली. वहिनीचा चेहरा, वहिनीची हनुवटी, भुवईजवळचा तीळ. पण पाय नव्हते. म्हणजे होते, घोट्यांपर्यंत. त्याखाली नुसती माती होती, आणि मातीजवळची कातडी पांढरट होऊन तिच्यातून बारीक मुळ्या खाली उतरल्या होत्या.

दादानं कोयता उगारला.

ती भ्याली नाही. त्याच्याकडे बघून, रोज बोलत असावी तशी म्हणाली, "आवं, कोयता ठिवा खाली. घाम आलाय हाताला. सटकंल. लागंल तुमाला."

दादाच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं म्हणता येणार नाही त्याला. कोयता त्याच्या हातातून गळून पडला आणि तो तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसला.

मग तिनं उजवा पाय उचलला. ओल्या वाफ्यातून कांद्याची पात उपटावी तसा आवाज झाला, एकामागून एक, मुळ्या तुटल्याचा. मग डावा. ती थोडी हेलपाटली, एका उसाला धरून उभी राहिली. आपल्या पायांकडे बघितलं. पावलं पूर्ण होती. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, घराकडं पळा. ती एकटी हाय."

मी पळाले. कशी पळाले मला आठवत नाही. वहिनी अंथरुणावर तशीच होती, तोंड दाराकडे, डोळे उघडे, ओठांवर हसू. मी नाडी पाहिली. छातीवर कान ठेवला. मग तिला उचलून मांडीवर घ्यायला गेले, आणि तेव्हा मात्र मी ओरडले. तिला वजनच नव्हतं. वाळलेल्या पाचटाची पेंढी उचलावी तशी ती उचलली गेली.

कालव्यावर अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला.

दादा तिच्यासोबत उसातून बाहेर आला. पुढचं मी अजून झोपेत बघते. तिनं पिशवीतली नवी हिरवी साडी काढली, घरामागे जाऊन नेसली, केस बांधले, आणि ओसरीवर येऊन उभी राहिली. अँब्युलन्सचा ड्रायव्हर पायवाटेनं चालत आला. "पेशंट कोण हाय?"

"मीच की," ती म्हणाली. "चक्कर आलती जरा. उपासाची. आता बरी हाय."

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टर आहे हे त्याला माहीत होतं. आत, माझ्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर, वहिनी पडली होती. दादानं माझ्याकडे बघून हात जोडले, ड्रायव्हरला दिसणार नाही असे. मी म्हणाले, "हो. बरी आहे ती. तुम्ही जा."

दिवस मावळायच्या आत दादानं बांधावर पाचटाचा ढीग रचला. शेतात पाचट जळत असलं तर कुणी विचारायला येत नाही. त्यानं तिला स्वतः उचलून ठेवलं, स्वतः अग्नी दिला. ती दुसरी लांब उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. माणूस स्वतःच्या मरणावर रडू शकत असेल, तर तशी ती रडत होती. जाळ खूप लवकर विझला. दादा सकाळी राख सावडायला गेला, तेव्हा त्याला एकही हाड सापडलं नाही.

गावाला काही कळलं नाही. सत्यशीलाची तब्येत सुधारली, एवढंच बाया म्हणाल्या. बोटाचं कुणी विचारलं तर दादा सांगायचा, पुण्याला जाऊन बसवून आणलं. लोकांनी हात धरून पाहिला, शिवणही दिसत नाही म्हणून नवल केलं. ती स्वयंपाक चांगला करते, तंतोतंत वहिनीच्या हातचा, असं दादा सांगायचा. मला फोन करून माझी विचारपूस करायची. मी बोलायचे. काय करणार? आवाज तिचाच होता. कधी कधी तर मला फोनवर तिची माया वाटायची आणि फोन ठेवल्यावर मी हात धुवायचे.

मी मात्र पुन्हा तिकडे गेले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला. म्हणाला, "हिला घिऊन येतो. तपासायचंय."

"काय झालंय?"

त्यानं फोन ठेवून दिला.

दोघं आले ते भर गर्दीच्या वेळी. बाहेरच्या बाकांवर बाया, पोरं, कुणाच्या खोकल्याचा आवाज, कुणाची भांडणं. ती जिना चढून आली आणि मला बघताच हसली. पदर पोटावरून घेतला होता, पण लपत नव्हतं. पाचवा महिना असावा, सहावाही असेल.

मी आतून हलले. पण लगेच मनात आलं, का नाही? वहिनीची पिशवी काढली होती. हिची कोणी काढली नव्हती. हिच्यात सगळं जागच्या जागी असणार. दादाला शेवटी लेकरू होणार, या विचारानं मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. तिला तपासणीच्या खोलीत बसवून मी दादाला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"दादा, सांगितलं का नाहीस? आनंदाची गोष्ट आहे. जे झालं ते झालं…"

त्यानं माझा दंड धरला. त्याची बोटं गार होती.

"योगे," तो म्हणाला, "म्या त्या दिवसापस्नं बाहीर ओसरीवर निजतो. दाराला आतून कडी असती. म्या अजून तिला हात बी लावलेला न्हाई."

"मग… दुसरं कोणी…"

"कोण येणार हाय तितं? म्या रातभर जागाच असतो. ती बी कुटं जात न्हाई, निसती सकाळी घागर घिऊन उसात त्या जागी जाती."

आतून डॉक्टरबाईंनी मला हाक मारली. सोनोग्राफी चालू होती. मी पडद्याकडे बघायचं टाळत होते, तरी बघितलं. बाळ होतं. डोकं, पाठीचा कणा, छातीत फडफडणारा ठिपका. हजारो पाहिलीत मी तशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगदी छान आहे सगळं. वाढ चांगली आहे. पहिलंच ना?" ती छताकडे बघत पडली होती.

मी तिच्या पोटावरची जेली पुसली, तिला हात देऊन उठवलं. बाहेर आलो, तेव्हा तिनं पदर सारखा करत मला विचारलं, "काय म्हणल्या वो डागदरीणबाई?"

"बाळ छान आहे म्हणाल्या."

"कोणतं?"

मी थांबले. "वहिनी… पोटात एकच आहे."

"व्हय," ती म्हणाली, आणि खाली वाकून चपला घालू लागली. "पोटात एकच हाय."